पाळीच्या आधीची चिडचिड आणि पाळी जातानाच्या झळा : घरच्या घरी सुरुवात कुठून करायची

‘काही नॅचरल असेल तर सांग ना गं’ असं कोणी विचारलं की समोरचीला बहुतेक वेळा एखाद्या चूर्णाचं नाव हवं असतं, सकाळी कोमट पाण्यातून एक चमचा घेतलं की झालं. तसं चूर्ण असतं तर आपल्या आज्यांनी ते कधीच बरणीत भरून ठेवलं असतं. त्रास कमी करता येतो, बऱ्यापैकी करता येतो, पण तो बाटलीतून कमी आणि ताट, झोप, चालणं यातून जास्त कमी होतो, आणि त्याच्याही आधी एक साधी वही लागते. म्हणून मी वहीपासून सुरू करतेय, चूर्णं खाली येतील. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ खाली जा, फक्त मग परत वर यावं लागेल एवढंच.

पाळीच्या आधीचा त्रास म्हणजे पीएमएस आणि पाळी जायच्या वयातला त्रास म्हणजे मेनोपॉजचा, दोन्ही एकत्र का घेतेय? एक तर कितीतरी घरांत दोन्ही एकदम चालू असतं, आई सत्तेचाळीसची नि लेक एकोणीसची, दोघींची भांडणं कुठल्या तारखांना होतात ते एकदा बघाच. आणि दुसरं म्हणजे चाळिशीच्या पुढे पाळी मागेपुढे व्हायला लागली की काही वर्षं हे दोन्ही त्रास एकमेकांत मिसळून जातात, जिला आयुष्यात कधी पीएमएस नव्हता तिलाही तेव्हा तो जोरात येऊ शकतो.

आधी थोडक्यात, आत काय चाललंय

दोन पाळ्यांच्या साधारण मधोमध बीज सुटतं, त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळी जवळ आली की ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही धाडकन खाली येतात. पीएमएस होणाऱ्या बहुतेकींची हॉर्मोन्स मोजली तर नॉर्मलच निघतात, फरक एवढाच की त्यांचा मेंदू या चढउताराला जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे नाटकं आहेत’ असं म्हणणाऱ्याला गप्प बसवायला हरकत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतो, पाळी आली की दोन-चार दिवसांत ओसरतो आणि पाळीनंतरचे दिवस बरे जातात. महिन्याचे तीसही दिवस उदास वाटत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे, त्याला पीएमएस म्हणून अंगावर काढू नका.

मेनोपॉजचं उलटं असतं, तो झाल्यावरच कळतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग म्हणायचं, हां, झाला. आपल्याकडे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास, पाश्चात्त्य देशांत ५१. पण खरा गोंधळ त्याच्या आधीच्या काही वर्षांत असतो, कधी पंधरा दिवसांत पाळी, कधी तीन महिने पत्ता नाही, मध्येच झळा, मध्येच रात्री जाग. झळा का येतात तर अंगाचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर फार हळवं होतं, तापमान जरासं वर गेलं तरी त्याला वाटतं आता अंग थंड केलंच पाहिजे, मग चेहरा-मानेकडचं रक्त वाढतं, घाम फुटतो, आणि मिनिटभरात ओली होऊन बाई थंडीनं कुडकुडते. म्हणजे अंगात उष्णता साठून राहिलीय नि ती सब्जा पिऊन बाहेर काढायचीय असा हा मामला नाही. सब्जा प्या, कोकम सरबत प्या, बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही, फक्त झळा त्यानं थांबणार नाहीत.

आणि हे किती दिवस चालतं? अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांना वारंवार झळा यायच्या त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या ७.४ वर्षांहून जास्त टिकल्या. म्हणून ‘सहा महिने सहन कर, जाईल’ या सल्ल्याला फारसा अर्थ नाही, काहीतरी व्यवस्था लावावीच लागते.

पायरी १ : वही

सगळ्यात कंटाळवाणी पायरी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. मोबाइलमधलं अॅप चालेल, दूधवाल्याचा हिशोब लिहितो ती भिंतीवरची दिनदर्शिकाही चालेल. रोज रात्री झोपताना एक ओळ. पाळीचा कितवा दिवस (पाळी सुरू झाली तो पहिला), काय त्रास झाला आणि शून्य ते तीनपैकी किती. उगाच निबंध लिहू नका, चार दिवसांत कंटाळाल. असं काहीतरी :

‘दिवस २३. छाती दुखरी २. चिडचिड ३, डब्याच्या झाकणावरून ओरडले. पोट फुगलं १. झोप ५ तास. दुपारी ४ ला चहा नि फरसाण, जेवण नाही.’

ज्यांची पाळी जायला आलीय त्यांनी झळा किती आल्या, दिवसा की रात्री, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं तेवढं लिहायचं. कमीत कमी दोन पाळ्या हे करा. डॉक्टरसुद्धा पीएमएसचं निदान सलग दोन पाळ्यांच्या नोंदीवरूनच करतात, आठवणीवरून नाही, कारण आठवणीत वाईट दिवस सगळे एकाला एक चिकटतात. आणि वहीचा दुसरा फायदा नंतर कळतो. पुढे जे काही करून बघाल, नाचणी असो की योगा असो, त्यानं खरंच फरक पडला की नुसतं वाटलं, हे वहीच सांगते. एका वेळी एकच बदल करा, दोन-तीन पाळ्या चालू ठेवा, मग पुढचा. चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर कशानं गुण आला तेच कळत नाही आणि मग आयुष्यभर चारही करत बसावं लागतं.

पायरी २ : एकदा रक्त तपासून घ्या

नॅचरल उपायांच्या लेखात ब्लड टेस्ट कुठून आली असं वाटेल, पण थकवा, केस गळणं, वजन वाढणं, उदास वाटणं, पाळी अनियमित होणं ही थायरॉइडचीही लक्षणं आहेत आणि धडधड, घाम, झोप न लागणं हीसुद्धा थायरॉइडचीच, फक्त ते कमीऐवजी जास्त काम करत असेल तेव्हाची. अंगात रक्त कमी असेल तर चिडचिड होणारच. शाकाहारी घरात बी १२ कमी निघणं तर नेहमीचं. तेव्हा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी १२, शुगर एवढं एकदा बघून घ्या, बीपी मोजा, म्हणजे चुकीच्या शत्रूशी लढणं नको. वय ४५ च्या पुढे असेल आणि लक्षणं सरळ दिसत असतील तर मेनोपॉज ‘कन्फर्म’ करायला हॉर्मोनच्या महागड्या टेस्टची सहसा गरज नसते, त्या काळात ते आकडे आज एक तर पुढच्या आठवड्यात भलतेच येतात.

पायरी ३ : ताट

इथे थोडं थांबू कारण पीएमएससाठी घरात करण्यासारख्या गोष्टींत सगळ्यात बरा पुरावा कॅल्शियमचा आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तिसऱ्या पाळीपर्यंत त्यांचा एकूण त्रास ४८ टक्क्यांनी उतरला. आता गंमत ऐका, ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांचाही ३० टक्क्यांनी उतरला. हा ३० चा आकडा डोक्यात ठेवा, चूर्णांच्या वेळी लागेल.

तर रोज किती कॅल्शियम लागतं? आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ बाईला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय. हे ताटात कसं बसवायचं बघा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे नाचणीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून दोन-सव्वादोनशे मिळतं. दूध एक कप, साधारण दोनशे मिली, त्याचे पुन्हा सव्वादोनशेच्या वर. एक वाटी दही दीड-पावणेदोनशे. दोन छोटे चमचे न पॉलिश केलेले तीळ साठ-सत्तरच्या आसपास, पण तिळातलं सगळंच अंगाला लागत नाही त्यामुळे नुसत्या तिळगुळाच्या भरवशावर राहू नका. शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याचा पाला, सुकट, बोंबील आणि काट्यासकट खायची छोटी मासळी, या सगळ्यांत चांगलं कॅल्शियम आहे. पालकात दिसतं भरपूर पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे मिळतं फार थोडं.

भाकरी थापणं ज्यांना जमत नाही (लाज वाटून घेऊ नका, आता निम्म्या पुण्याला जमत नाही) त्यांनी आंबील करा. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं, वेळ असेल तर रात्री तसंच झाकून ठेवायचं म्हणजे किंचित आंबतं. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते पातळ पीठ धार धरून सोडायचं नि डाव फिरवत राहायचं, पाच-सात मिनिटांत रंग गडद होतो, पिठूळ वास जातो आणि डाव उचलला की त्यावर चकचकीत थर धरतो, तिथे गॅस बंद. कोमट झाल्यावर वाटीभर ताक, जिरेपूड, ठेचलेला लसूण. मीठ बेतानं. गरम असताना ताक ओतलंत तर फाटेल.

कॅल्शियमची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, मुतखड्याचा इतिहास असेल तर नक्कीच विचारून. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन फारसा उपयोग नाही. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, आणि थायरॉइडची गोळी नि कॅल्शियम यात निदान चार तासांचं अंतर ठेवा, हे कितीतरी जणींना कोणी सांगतच नाही आणि मग टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात उपाशी राहू नका. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, जे काही धरत असाल ते धरा, पण दिवसभर चहावर काढून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी नि बटाट्याचा चिवडा, यानं आधीच डळमळीत असलेला मूड आणखी बिघडतो. उपासाला शेंगदाणे, दही, राजगिरा, भगर, फळ असं थोडं थोडं खा. एरवीही त्या दिवसांत दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या, त्यात डाळ, उसळ, अंडं, पनीर असं प्रथिनाचं काही असलं की मग रात्री दहाला चॉकलेट शोधत कपाटं उघडावी लागत नाहीत. पोट फुगणं, पाय जड होणं हे ज्यांना होतं त्यांनी पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स त्या आठवड्यापुरतं बाजूला ठेवून बघावं. चहा-कॉफीचं प्रत्येकीचं वेगळं असतं. काहींच्या झळा गरम चहाच्या कपाबरोबर हमखास येतात, काहींना काहीच होत नाही. वही बघा नि ठरवा. दारूचंही तेच, आणि ज्या घरांत अजून मिश्री लावतात त्यांनी ती तंबाखूच आहे हे विसरू नये.

सोयाबीनबद्दल खूप विचारतात. त्यात इस्ट्रोजेनसारखं किंचित काम करणारी द्रव्यं असतात, झळांवर अभ्यास बरेच झाले, काहींत थोडा फरक दिसला काहींत नाही, त्यामुळे तज्ज्ञ ठामपणे शिफारस करत नाहीत. पण टोफू, सोया चंक्स, सोयाचं पीठ पोळीच्या कणकेत हे प्रथिन म्हणून चांगलंच आहे, खा. जवसाचंही असंच, चांगल्या चाचणीत झळा कमी झालेल्या दिसल्या नाहीत, पण जवसाची चटणी सोडायला मी तरी कोणाला सांगणार नाही, पोट साफ राहतं.

पायरी ४ : अंग हलवा, आणि वजन उचला

पीएमएसला चालणं, सायकल, पोहणं, नाच, जे आवडेल ते नियमित केलं की मूड नि दुखणं दोन्ही थोडं हलकं होतं. आठवड्याला दीडशे मिनिटं म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. झळांबाबत मात्र खरं सांगायचं तर व्यायामानं झळा कमी होतात असं ठोस सिद्ध झालेलं नाही. जास्त वजन असलेल्या बायकांनी वजन थोडं उतरवलं तर झळा कमी होतात याला पुरावा आहे. योगाचंही तसंच, झोप, मन, सांधे यासाठी उत्तम, झळांसाठी हमी नाही.

मग पाळी गेलेल्या बाईनं व्यायाम कशासाठी करायचा? हाडांसाठी. इस्ट्रोजेन गेलं की पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, आणि त्याची कळ लागत नाही, एक दिवस बाथरूममध्ये घसरायला होतं नि मनगट किंवा खुब्याचं हाड मोडतं. नुसत्या चालण्यानं भागत नाही, स्नायूंवर ताण येणारं काहीतरी आठवड्यातून दोनदा हवंच. जिमला जायलाच हवं असं नाही. लिटर-लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या हातात धरून वर उचलणं, खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं असं दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड, जिन्यावरून चढणं. गुडघे कुरकुरत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. ‘घरकाम करतेच की दिवसभर’ हे मला माहितीये, ते श्रम आहेत, व्यायामाचं काम ते पूर्ण करत नाही, आणि हे म्हटल्यावर काहीजणी चिडतात तेही मला माहितीये.

ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागतं आणि कोवळ्या उन्हाचं आपण जे कौतुक करतो त्यात ड फारसं बनत नाही, सूर्य वर आल्यावर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसलं तर बनतं. फ्लॅटमध्ये राहून ऑफिस नि लोकल करणारीला ते कुठून मिळणार, तेव्हा तपासून कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढा डोस घ्यावा, मनानं दर आठवड्याची पुडी चालू ठेवू नये, जास्त झालं तर तेही बाधतं.

पायरी ५ : रात्र सांभाळा

दिवसा झळ आली तर माणूस पदरानं वारा घेतो, पण रात्रीची झळ झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची अर्धी चिडचिड त्या मोडलेल्या झोपेची असते. सुती सैल गाऊन, सिंथेटिक नाही. एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ, म्हणजे एक भिरकावता येतं. उशाशी एक छोटा टॉवेल नि पाण्याची बाटली, गाऊन भिजतो त्यांनी दुसरा गाऊन हाताशीच ठेवायचा, कपाट उघडून लाइट लावून शोधत बसलं की झोप पूर्ण उडते. पंख्याच्या रेग्युलेटरवरून नवराबायकोत जे युद्ध होतं त्यावर स्वस्त तोडगा म्हणजे आपल्या बाजूला छोटा टेबल फॅन. यानं झळांची संख्या घटत नाही, पण परत झोप लवकर लागते, आणि मला विचाराल तर तोच मोठा फायदा.

झळ सुरू होतेय असं वाटलं की सावकाश श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास. चाचण्यांत यानं झळा कमी होतात असं काही दिसलं नाही. तरी झळेबरोबर जी घाबरगुंडी उडते ती आवरायला मदत होते आणि फुकट आहे. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको, उठायची वेळ रविवारीही तीच, जाग आली तर मोबाइल हातात घ्यायचा नाही.

पायरी ६ : डोकं नि घरची माणसं

झळा आणि झोप या दोन्हींसाठी औषधाशिवायचा ज्याला सगळ्यात चांगला आधार आहे तो उपाय म्हणजे सीबीटी, समुपदेशनाची एक पद्धत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत आणि अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीच्या २०२३ च्या यादीतही ती आहे. यात काय करतात तर लक्षण आल्यावर मनात जो विचार धावतो तो पकडायला शिकवतात. मीटिंगमध्ये झळ आली की ‘सगळे माझ्याकडेच बघतायत, आता माझं काही खरं नाही’ असं मन बोलतं, त्यानं धडधड वाढते, घाम वाढतो. त्याऐवजी ‘झळ आहे, दोन-तीन मिनिटांत जाईल, पाणी पिते’ असं ठरवून म्हणायचं. वाचायला फार साधं वाटतं. सरावानं झळा तेवढ्याच आल्या तरी त्यांचा जाच कमी होतो, हेच त्यात मोजलं गेलंय.

घरात सांगून टाका. ‘२२ तारखेपासून आठवडाभर माझ्याशी महत्त्वाचं भांडण काढू नका’ असं हसत हसत आधीच सांगितलेलं चालतं, पण ऐन चिडलेली असताना नवऱ्यानं ‘तुझी तारीख जवळ आली वाटतं’ म्हणणं चालत नाही, हा नियम घरात करून घ्या. वहीत जे दिवस वाईट दिसतायत त्या दिवसांत शक्य असेल तर पाहुणे, मोठी खरेदी, बँकेची कामं, सासरचे विषय टाळा. लेकीची परीक्षा त्या दिवसांत आली तर टाळता येणार नाही, तेव्हा निदान डबा नि झोप सांभाळा, सल्ले कमी द्या.

पायरी ७ : ज्याबद्दल कोणी बोलत नाही

पाळी गेल्यावर खाली कोरडेपणा येतो, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला सारखं जावं लागणं, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन. झळा काही वर्षांनी जातात, हे आपोआप जात नाही, उलट वाढतं. साबण, सुगंधी वॉश आत वापरणं आधी बंद करा, बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे. मेडिकलमध्ये पाण्याच्या आधाराचं लुब्रिकंट नि मॉइश्चरायझर मिळतं. खोबरेल तेल वापरणाऱ्या खूप आहेत, बऱ्याच जणींना चालतं, पण कंडोम वापरत असाल तर तेल नको, रबर त्यानं खराब होतं. आणि कंडोमची गरज असते बरं का, पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर आणखी दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. खोकताना, शिंकताना लघवी निसटत असेल तर ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम, म्हणजे लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळून मोजत पाच-सहा सेकंद धरायचे नि सोडायचे, दिवसातून तीन वेळा, तीन महिने नेटानं. एवढं करूनही कोरडेपणा राहिला तर डॉक्टर इस्ट्रोजेनची क्रीम देतात, ती तिथल्या तिथे काम करते, रक्तात फार थोडी जाते, उगाच घाबरू नका.

पायरी ८ : आता चूर्णं आणि कॅप्सूल

तो ३० चा आकडा आठवा. मावशीला एखाद्या काढ्यानं फरक पडला हे खोटं नसतं, पण खोट्या गोळीनंही बऱ्याच जणींना फरक पडतो, म्हणून मावशीवरून ठरवता येत नाही.

शतावरी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या बायका घेतात, आयुर्वेदात तिचं मोठं नाव आहे, अभ्यास मात्र छोटे छोटे आहेत. घ्यायची तर वैद्यांच्या देखरेखीखाली. स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अश्वगंधानं झोप नि ताण यात काहींना बरं वाटतं, पण थायरॉइडची पातळी त्यानं वाढू शकते आणि लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. ब्लॅक कोहॉश नावाची परदेशी वनस्पती ऑनलाइन खूप विकतात, तिचा पुरावा कच्चा आणि लिव्हरची भीती तिथेही आहेच. प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात, पीएमएसवर त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्याचं चांगल्या चाचण्यांत दिसत नाही, आणि स्वस्तही नसतात.

निर्गुंडीचं एक सांगायला हवं. पीएमएससाठी युरोपात ज्या व्हायटेक्स नावाच्या वनस्पतीचा बराच अभ्यास झालाय आणि काही चाचण्यांत गुणही दिसलाय ती भूमध्य समुद्राकडची जात आहे. आपल्या बांधावरची निर्गुंडी तिची चुलत बहीण, कुळ तेच, जात वेगळी. तो पुरावा दाखवून आपल्या निर्गुंडीचा काढा कोणी पाजत असेल तर घेऊ नका, गुडघ्याला पाला शेकायला वापरा, तिथे ती छान.

बी ६ जीवनसत्त्वानं पीएमएसमध्ये थोडा उपयोग होऊ शकतो, मात्र मोठ्या डोसमध्ये महिनोन् महिने घेतलं तर हातापायांच्या नसा बिघडतात, मुंग्या, बधिरपणा येतो. जो विकणारा पुडीवर घटक नि प्रमाण लिहीत नाही त्याचं काहीच घेऊ नका, मग तो कितीही मोठ्या महाराजांचा फोटो लावो.

आणि डॉक्टरकडे कधी

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी अंगावरून गेला तरी लगेच दाखवायचं, ‘शेवटची राहिली असेल’ असं म्हणून थांबायचं नाही, कारण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. तासातासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, चाळिशीच्या आत पाळी थांबणं, छातीत दुखून घाम येणं, यातही थांबू नका, आणि छातीच्या बाबतीत तर मेनोपॉज आहे समजून घरी बसूच नका.

पाळीच्या आधी जगणं नको वाटतं, नोकरी-नातं मोडेल इतका राग येतो, तर तो पीएमडीडी म्हणजे पीएमएसचं फार तीव्र रूप असू शकतो. हा खरा आजार आहे, २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा आहे, आणि त्यावरची औषधं कधी कधी फक्त पाळीच्या आधीचे दिवसच घेऊन भागतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी १४४१६ वर फोन लावा, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

झळांनी जीव नकोसा झाला असेल आणि वरचं सगळं करून झालं असेल तर हॉर्मोन थेरपीबद्दल, म्हणजे घटलेलं इस्ट्रोजेन औषधातून देण्याबद्दल, विचारायला घाबरू नका. झळांवर तिच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनंतर या थेरपीनं स्तनाचा कॅन्सर नि हृदयविकार होतो अशी जी भीती पसरली, त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत आणि वय साठच्या आत आहे अशा निरोगी बाईसाठी हिशोब बराच वेगळा असतो. ज्यांना स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, स्ट्रोक झालाय त्यांना ती सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी हॉर्मोन नसलेली औषधं आहेत.

आणि ‘कटकट नको, पिशवीच काढून टाका’ असं कोणी म्हणालं तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याचं प्रकरण बाहेर आलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर मेनोपॉज त्याच दिवशी सुरू होतो, हळूहळू नाही, आणि झळा जास्त जोरात येतात. नुसती पिशवी काढून बीजकोश ठेवले तरी ते काहीसे लवकर थकतात. ऑपरेशन कधी कधी खरंच लागतं, तेव्हा विचारायचे प्रश्न दोन : बीजकोश ठेवणार का, आणि ऑपरेशनशिवाय काय काय करून बघता येईल.

जाताना वही घेऊन जा, पाळीच्या तारखांचं पान उघडून. जी चूर्णं, गोळ्या घेताय त्यांच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरगुती असलं तरी सांगायचं, लपवायचं नाही. ओपीडीत पाच मिनिटंच मिळतात, त्यात सगळ्यात जास्त त्रास देणारी एक गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा, सुनेचं नि वास्तूचं नंतर.